घराचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी त्यात काय तपासावे?

कपाशी_सोयाबीन (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. गावठाणातील आमचे राहते घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूचे आहे. कवेलू फेरणारी माणसे आता मिळत नाहीत, मागच्या भिंतीला उधई लागली आहे आणि पावसाळ्यात माजघर गळते, म्हणून ते पाडून त्याच जागेवर पक्के घर बांधण्याचे आम्ही ठरवले आहे. सोयाबीन निघून हातात पैसा आला की पाया खोदायचा आणि मृगापूर्वी स्लॅब टाकून मोकळे व्हायचे, असा बेत आहे.

जागा पूर्वाभिमुख असून रस्त्याकडची रुंदी ३० फूट आणि मागपर्यंतची लांबी ५५ फूट आहे. उत्तरेला काकांचे घर आहे, तेही मातीचेच, आणि त्यांची भिंत आमच्या हद्दीला अगदी टेकलेली आहे. पश्चिमेला परसात जुना कडुनिंब आहे. जमीन भारी, काळी. उन्हाळ्यात परसात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका अभियंत्याकडून नकाशा काढून घेतला. एक कागद आणि घर बाहेरून कसे दिसेल त्याचे रंगीत चित्र, एवढे हाती आले आहे. घर बाहेरून २६ बाय ४० फूट धरले आहे. उत्तरेला काकांच्या भिंतीला लागून, दक्षिणेला ४ फूट, पुढे ८ फूट आणि मागे ७ फूट मोकळी जागा. पुढच्या बाजूला १५ फूट रुंदीची बैठक आणि आग्नेयेला १० फूट रुंदीचे स्वयंपाकघर आहे. बैठकीची मोठी खिडकी उत्तरेच्या भिंतीत दाखवली आहे. मधल्या पट्ट्यात ७ बाय ९ फुटांचा जिना असून त्याच्या मधल्या टप्प्याखाली शौचालयाचे दार आहे, आणि मागे पश्चिमेला १२ बाय १० फुटांच्या झोपण्याच्या दोन खोल्या आहेत. एका मजल्याची उंची साडेदहा फूट लिहिली आहे. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले असतो. आईचे गुडघे दुखतात. धाकटा भाऊ पुण्याला असतो, पुढे त्याला वरचा मजला बांधायचा आहे.

अभियंता सही करून बांधकाम सुरू करा म्हणतात. ठेकेदाराच्या मते नकाशा ग्रामपंचायतीपुरता असतो, बाकीचे मिस्त्री पाहून घेतो. मला नकाशा वाचण्याची सवय नाही. एवढ्या एका कागदावर सही करावी का, आणि करण्यापूर्वी त्यात नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाखा_अभियंता (निवृत्त, अमरावती)

आपण जागेची माहिती नीट दिली आहे, त्यामुळे नेमके बोलता येते. सही करू नका. अभियंत्याशी वाद घालण्याचीही गरज नाही. फक्त पुढील गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा. आपल्या वर्णनावरून मला असे दिसते की हा नकाशा आपली जागा पाहून काढलेला नाही, तर चारही बाजूंनी मोकळ्या असलेल्या शहरातील एखाद्या प्लॉटचा तयार नकाशा आपल्या मापात बसवलेला आहे. उत्तरेला काकांची भिंत टेकलेली असताना बैठकीची मोठी खिडकी त्याच बाजूला काढली आहे, यावरूनच ते कळते. ती खिडकी उघडणारच नाही, आणि ती नाही म्हटली की बैठकीला उजेड फक्त पूर्वेकडून आणि मधल्या पट्ट्याला जवळपास कुठूनच नाही.

आता पेन्सिल घेऊन मापांची बेरीज करा, कारण नकाशा तपासण्याची सुरुवात तिथूनच होते. पुढच्या बाजूला बैठक १५ फूट आणि स्वयंपाकघर १० फूट, मिळून २५ फूट झाले. बाहेरच्या दोन भिंती ९-९ इंचांच्या आणि मधली साडेचार इंचांची धरली, तर भिंतींचे साडेबावीस इंच होतात. एकूण २६ फूट साडेदहा इंच. नकाशावर मात्र बाहेरचे माप २६ फूट आहे. म्हणजे एकतर खोल्या लिहिल्यापेक्षा लहान होतील, नाहीतर घर दक्षिणेच्या मोकळ्या जागेत जवळपास एक फूट सरकेल, आणि यांपैकी काय करायचे हे ऐन चौथऱ्याच्या वेळी मिस्त्री ठरवील. मागच्या खोल्यांची बेरीज करून पाहिली, ती २५ फूट साडेदहा इंच भरते, म्हणजे तिथे माप बसते. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या बेरजा जुळत नसतील तर भिंती एका रेषेत येत नाहीत आणि कॉलमही येत नाहीत. खोलीचे लिहिलेले माप आतून आतपर्यंतचे आहे की भिंतीच्या मध्यापासूनचे, हेही स्पष्ट विचारा. कागदावर पट्टी ठेवून माप कधी घेऊ नका. मोबाइलवर आलेला किंवा झेरॉक्स काढलेला नकाशा प्रमाणात राहत नाही. लिहिलेला आकडा तेवढा खरा.

जिन्याचे गणित मी सविस्तर करतो, कारण आपल्या आईंचा प्रश्न आहे. साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. पायरीची उंची ७ इंच धरली तर १८ पायऱ्या होतात, नऊ खालच्या भागात आणि नऊ वरच्या भागात. नऊ उंच्यांसाठी आठ पावठे, म्हणजे पाय ठेवायच्या सपाट जागा, लागतात. १० इंचांचा पावठा धरला तर ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. वळण्यासाठी ३ फुटांचा टप्पा धरला की ९ फूट ८ इंच होतात, आणि पहिल्या पायरीपाशी उभे राहायला जागा हवी ती निराळी. आपल्या नकाशात जिन्याला ९ फूट आहेत. एवढ्यात जिना ‘बसवतात’, पण पायरी साडेआठ-नऊ इंच उंच आणि पावठा आठ इंचांचा करून. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि पावठा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असे आहे. आता त्याखालचे शौचालय पाहा. मधला टप्पा नवव्या पायरीवर, म्हणजे ६३ इंचांवर येतो. त्यातून स्लॅबची जाडी पाच-सहा इंच गेली की खाली पावणेपाच फूट उरतात. तिथे दार दाखवले आहे. त्या दारातून घरातील एकही मोठा माणूस ताठ उभा राहून आत जाऊ शकणार नाही. ही चूक आडव्या नकाशात दिसत नाही, उभ्या सेक्शनमध्ये, म्हणजे घर वरून खाली कापून दाखवलेल्या छेदात, लगेच दिसते. म्हणून जिन्यातून आणि शौचालयातून कापलेला सेक्शन मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच सेक्शनमध्ये रस्त्याची पातळी, अंगणाची पातळी आणि जोत्याची उंची लिहिलेली असावी. गावांतील सिमेंट रस्ते बहुधा जुन्यावरच नवा थर टाकून होतात आणि दर वेळी घरे खाली जातात. रस्त्यापासून निदान अडीच फूट जोते ठेवा. पुढे ८ फूट जागा आहे, त्यात ५ इंचांच्या सहा पायऱ्या आणि एक-एक फुटाचे पावठे सहज बसतात. आईंना धरायला एका बाजूने कठडा नकाशातच दाखवून घ्या.

आता जमीन. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर घर वर-खाली होत राहते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. म्हणून पायाचा नकाशा काढण्यापूर्वी जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे लागते. आपल्या कागदावर पायाची खोली लिहिलेली आहे का? लिहिली असेल तर ती कशावरून ठरवली, हे विचारा. वरचा मजला पुढे बांधायचा असेल तर तो भार आजच फूटिंगच्या (कॉलमखालच्या रुंद पायाच्या) आणि कॉलमच्या हिशेबात धरावा लागतो. नंतर कॉलम जाड करता येतो असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नका.

उत्तरेच्या बाजूचा पाया हा मला सगळ्यांत काळजीचा भाग वाटतो. घर हद्दीला लागून आहे, म्हणजे ९ इंचांच्या कॉलमचा मध्य हद्दीपासून साडेचार इंचांवर आला. त्याच्याखाली ४ बाय ४ फुटांचे फूटिंग मध्यभागी घेतले तर ते १९ इंचांहून अधिक काकांच्या भिंतीखाली शिरते. तसे करता येत नाही आणि करूही नये. मग एकतर कॉलमची रांग आत घ्यावी लागेल, किंवा आतल्या कॉलमशी जोडलेले फूटिंग करावे लागेल, आणि दोन्हींचा हिशेब स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्यालाच करावा लागेल. मातीच्या भिंतीशेजारी सलग चर खोदला तर ती भिंत एका रात्रीत बसू शकते.

तेव्हा आपल्याला एक नव्हे, इतके कागद लागतील: मापे जुळलेला मजल्याचा नकाशा, दोन सेक्शन, चारही बाजूंचे दर्शनी नकाशे, कॉलमच्या मध्यरेषांचा नकाशा, फूटिंग-कॉलम-बीम-स्लॅबचे सळईसह तपशील, आणि पाणी-सांडपाणी-वीज यांचा एक. रंगीत चित्राचा बांधकामाला काही उपयोग नाही.

ओसरी (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, इंजिनिअर साहेबांनी मोजमापाचे सांगितले आहे, मी घरात वावरणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते. नकाशा काढायला बसताना घरातील बायकांना कोणी विचारत नाही आणि पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांनाच त्या घरात राबावे लागते. सही करण्यापूर्वी आईंना आणि वहिनींना तो कागद समजावून सांगा आणि त्यांचे म्हणणे त्यावर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, तुम्ही कापूस पिकवता, आणि नकाशात कापूस ठेवायला जागाच नाही. भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच राहतो. जागा नसली की तो बैठकीत पडतो, मग पाहुणे कुठे बसवायचे आणि मुलांनी अभ्यास कुठे करायचा? सोयाबीनची आणि तुरीची पोती, बियाणे, फवारणीचा पंप, औषधे हे सगळे नव्या घरात कुठे जाणार, ते आजच लिहून काढा. फवारणीचे औषध तर घराबाहेर कुलपातच हवे. कापसाच्या खोलीत विजेचा बोर्ड ठेवू नका आणि तिची भिंत चुलीच्या किंवा गॅसच्या भिंतीला लागून येऊ देऊ नका.

ती कापसाची खोली पश्चिमेला घ्यावी, असे मी सुचवीन. तुमच्या झोपण्याच्या दोन्ही खोल्या पश्चिमेला आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंतचे ऊन सरळ पश्चिमेच्या भिंतीवर असते. ती भिंत रात्री बारापर्यंत आत आग ओकते. दक्षिणेकडे तसे होत नाही, कारण ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि दीड-दोन फुटांचा छज्जासुद्धा दक्षिणेची खिडकी झाकतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला छज्जा पुरत नाही. म्हणून कोठी, न्हाणीघर, जिना असे जे जे आहे ते पश्चिमेला सरकवता येते का, हे अभियंत्यांना विचारा. नैर्ऋत्येला झोपण्याची खोली हवीच असे घरातील मोठ्यांचे म्हणणे असेल तर तसे करा, पण मग तिची खिडकी दक्षिणेला काढा आणि पश्चिमेला फक्त वरचा झरोका ठेवा. वास्तूचे जे काही पाहायचे ते कॉलम ठरण्यापूर्वी पाहून संपवा.

दुसरे म्हणजे कूलर. विदर्भातले घर आणि नकाशात कूलरची जागा नाही, असे होता कामा नये. कूलर बाहेरच्या बाजूने खिडकीत बसतो. त्याला भक्कम आधार हवा, बाजूला पाण्याचा नळ हवा, बाहेरून कुलूप लावता येईल असा प्लग हवा, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला खिडकी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. त्याचे गळणारे पाणी कुठे जाईल, तेही दाखवून घ्या. आमच्या शेजारच्या घरी चार महिने कूलरचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत राहिले, आणि बाजूची सगळी जमीन भेगाळलेली असताना तेवढाच एक कोपरा फुगून फरशी उचलली गेली.

झोपण्याच्या खोलीत पलंग आणि कपाट कागदावर मापाने काढून पाहा. साडेसहा फुटांचा पलंग १० फुटांच्या बाजूला ठेवला की साडेतीन फूट उरतात. समोर दोन फूट खोलीचे कपाट ठेवले की दीड फूट. त्या दीड फुटात कपाटाचे दार पूर्ण उघडत नाही. दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, ते नकाशात चाप काढून दाखवलेले असते, तेही तपासा. आईंची खोली शौचालयाजवळ असू द्या, मध्ये उंबरा नको, दार अडीच फुटांहून रुंद ठेवा.

आणि अखेरीस एक करा. जुने घर पाडून जागा मोकळी झाली की नवा नकाशा जमिनीवर फक्कीने आखून घ्या, खऱ्या मापाचा. आईंना, वहिनींना त्यात फिरू द्या. जिथे स्वयंपाकघर येणार तिथे ओट्याच्या जागी विटा मांडा, बाज टाकून पाहा, भरलेली पाण्याची कळशी घेऊन दारातून आत-बाहेर करा. कागदावर १० फूट मोठे वाटतात, जमिनीवर त्यांचा खरा अंदाज येतो. खोदाई सुरू होईपर्यंत रेघ पुसून दुसरी काढायला खर्च लागत नाही.

ओळंबा (पुसद)

मी ठेकेदार आहे, म्हणून तुमच्या ठेकेदाराच्या बोलण्याबद्दल लिहिणे मला भाग आहे. मिस्त्री पाहून घेतो हे काही अंशी खरे आहे. चांगला मिस्त्री भिंत ओळंब्यात आणतो, काटकोन साधतो, छताला उतार देतो. पण बीममध्ये किती सळई टाकायची, हे त्याने अंदाजाने ठरवू नये. छज्जा आणि गॅलरी यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते, कारण तिथे ताण वर येतो. सळईचा नकाशा हातात नसला की ती खाली बांधली जाते किंवा ओतकाम करताना पायाखाली दबून खाली जाते, आणि मग सेंट्रिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढल्यावर छज्जा लोंबतो. सळईभोवती काँक्रीटचे आवरण किती, तेही नकाशात लिहून घ्या: फूटिंगला ५०, कॉलमला ४० आणि स्लॅबला २० मिलिमीटर. काँक्रीट कोणत्या प्रतीचे, याचा उल्लेख हवा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटला एम-२० पेक्षा खालची प्रत चालत नाही.

नकाशा काढण्यापूर्वीच वीट ठरवा. भट्टीची लाल वीट आणि राखेची वीट यांची मापे एक नसतात, आणि भिंतीची जाडी बदलली की इंजिनिअर साहेबांनी केलेली बेरीजही बदलते.

जुन्या घराचे सागवान मोजून ठेवा. मयाली (तुळया), खांब, चौकटी यांतील पुष्कळ लाकूड अजून उपयोगी असते. जुनी दारे मात्र बुटकी असतात. तुम्हाला एखादी चौकट कोठीला किंवा देवघराला लावायची असेल तर तिचे माप आधी द्या, म्हणजे तेवढेच भगदाड भिंतीत ठेवता येते.

करार करताना चौरस फुटाचा दर ठरतो, पण चौरस फूट मोजायचे कसे हे ठरत नाही, आणि भांडण तिथे होते. छज्जे, जिना, पुढच्या पायऱ्या, शोषखड्डा, पाण्याचे टाके हे दरात आहेत की बाहेर, ते नकाशाच्या क्रमांकासह करारात लिहा. नकाशात बदल झाला की नव्या कागदावर तारीख घाला आणि जुन्या प्रती परत घ्या. कामावर दोन तारखांचे दोन कागद असले, तर मिस्त्री जुन्यावर काम करतो आणि प्लंबर नव्यावर.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

थोडक्यात भर घालतो. आमच्याकडे खारपाणपट्ट्यात पूर्णेचा गाळ फार खोल आहे, मुरुमाची वाट पाहत बसता येत नाही, म्हणून आमच्या घराला अंडर-रीम्ड पाइल केले. यात जमिनीत अरुंद भोक पाडून त्याच्या बुडाशी मुख्य व्यासाच्या साधारण अडीचपट रुंदीचा फुगवटा करतात, त्यामुळे वरची माती फुगली-आकसली तरी पाइल जागेवर धरून राहतो. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आहे आणि काळ्या जमिनीत जुनी, अनुभवाची आहे. आपल्याकडे मुरूम खोल लागला तर याचा जरूर विचार व्हावा. दुसरे असे की बांधकामाचे पाणी तपासून घ्या. मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आमच्याकडच्या विहिरींत ते बरेच जास्त असू शकते, त्यामुळे टँकरने गोडे पाणी आणावे लागते. यवतमाळकडे ही अडचण सहसा येणार नाही, तरी बोअरचे पाणी मचूळ लागत असेल तर तपासणी करा.

कपाशी_सोयाबीन

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. परसाकडे, वायव्य कोपऱ्यात साडेपाच फुटांवर मुरूम लागला. रस्त्याकडच्या आग्नेय कोपऱ्यात मात्र सात फुटांपर्यंत काळीच माती आहे. जागाही फितीने मोजली, तर पुढची रुंदी ३० फूट असली तरी मागची साडेअठ्ठावीसच भरली. काकांशी बोलणे झाले. भिंतीला धक्का लागणार नसेल तर त्यांची हरकत नाही, पण त्यांच्या कवेलूच्या पागोळ्या आमच्या बाजूला पडतात, त्या पाण्याचे काय करणार, असे त्यांनी विचारले. आता पुढे कसे जावे? आणि कडुनिंब तोडावा लागेल का? आईची तशी इच्छा नाही.

शाखा_अभियंता (निवृत्त, अमरावती)

हे फार बरे केलेत. गावठाणातील जागा कागदावर चौकोनी आणि प्रत्यक्षात तिरकी असणे नेहमीचेच आहे. आता चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून तो आकडा अभियंत्यांना द्या, आणि गावात ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळाले असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. मागे २८ फूट ६ इंचच असतील तर २६ फुटांचे घर बसवल्यावर दक्षिणेला मागच्या टोकाशी अडीच फूटच उरतात. ग्रामपंचायतीकडून किती अंतर सोडावे लागते, ते लेखी विचारून मगच रुंदी नक्की करा.

पायाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. अर्धे घर मुरुमावर आणि अर्धे काळ्या मातीवर, असे होऊ देऊ नका. एक बाजू स्थिर आणि दुसरी हलती राहिली की भेगा टाळता येत नाहीत. एकतर सर्व फूटिंग मुरुमापर्यंत उतरवा, किंवा सर्वत्र पाइल करा. आपल्या जागेत मला पाइल बरे वाटतात, आणि त्याचे कारण काकांची भिंत आहे: तिच्याशेजारी सहा-आठ फुटांचा रुंद खड्डा करण्यापेक्षा फूटभर व्यासाचे भोक पाडणे कितीतरी सुरक्षित. एक फूट व्यासाच्या पाइलचा फुगवटा अडीच फुटांचा होतो, म्हणून पाइलचा मध्य हद्दीपासून निदान सव्वा फूट आत हवा. वायव्येकडे मुरूम वर आहे, तिथे फुगवटा करता येईल की पाइल सरळ मुरुमात टेकवायचा, हे डिझाइन करणाऱ्याने जागेवर येऊन ठरवावे. खोदलेली काळी माती परत जोत्यात भरू नका, तिथे मुरूमच हवा; आणि प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरील काँक्रीटच्या तुळईच्या) खाली माती थेट टेकणार नाही, असा तपशील सेक्शनमध्ये मागा.

काकांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो सोडवल्याशिवाय नकाशा पूर्ण होत नाही. माझा सल्ला असा की घर हद्दीपासून आत घ्या आणि मध्ये तीन फुटांची सांद सोडा. सांदीला पक्की फरशी आणि रस्त्याकडे उताराची नाली करा. पागोळ्यांचे पाणी निघून जाईल, काकांच्या भिंतीला पाणी लागणार नाही, पाइललाही जागा मिळेल, आणि बैठकीच्या उत्तरेच्या खिडकीला थोडा उजेड व वारा मिळेल. रुंदी कमी होते, हे खरे. ती भरून काढायला मागच्या ७ फुटांत फार सरकू नका, कारण तिथे कडुनिंब आहे.

कडुनिंब तोडू नका. पश्चिमेच्या उन्हाला त्याच्यासारखी दुसरी आडोशाची सोय नाही. पण त्याची मुळे भिंतीखालच्या काळ्या मातीतील ओल ओढून घेतात आणि तिथली जमीन अधिक आकसते, म्हणून झाडाचा बुंधा नकाशात मोजून दाखवा, म्हणजे त्या बाजूचा पाया तेवढे लक्षात घेऊन ठरवला जाईल. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतरता फरशीचा पट्टा सर्व बाजूंनी असावा. शोषखड्डा या पट्ट्यापासून दूर, पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान १८ मीटर ठेवा. काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरते, तेव्हा तो मुरुमात उतरेल अशा जागी, म्हणजे आपल्याकडे वायव्येच्या बाजूला घ्यावा लागेल. त्या अंतरात काकांची विहीर येते का, ते पाहा.

क्रम असा ठेवा: आधी जागेची मापे, खड्ड्यांची खोली आणि घरातील सर्वांच्या गरजा अभियंत्यांना लेखी द्या, त्यांवरून मजल्याचा नवा नकाशा आणि सेक्शन येऊ द्या, ते फक्कीने आखून घरच्यांनी पसंत केले की मग स्ट्रक्चरल डिझाइन, आणि ते हातात आल्यावर ठेकेदाराशी दर. सोयाबीन निघायला अवकाश आहे, तेवढ्यात हे सगळे आटोपते. जुने घर तोपर्यंत पाडायचे नसेल तर फक्की परसात किंवा शेतातील मोकळ्या जागेवर आखली तरी चालेल. काकांशी झालेले सांदीचे आणि नालीचे बोलणे मात्र दोघांच्या सह्यांनिशी नकाशाच्या प्रतीवरच लिहून घ्या, आणि एक प्रत त्यांच्याकडे द्या.